आभासी वाद्ये आणि जिवंत साथ

एकही वादक घरी न बोलावता सतार, बासरी, तबला आणि व्हायोलिनचा ताफा एका संगणकावर उभा करणे आज अनेक तरुणांना साध्य झाले आहे. ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीस जोडावयाच्या ‘प्लग-इन’ या आभासी वाद्यांची ही किमया.

१९८३ साली ‘मिडी’ ही संकेतपद्धती आली आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एक समान भाषा मिळाली. १९९६ साली हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने ‘व्हीएसटी’ योजना आणली. १९९९ मध्ये तीत वाद्यांचाही समावेश झाला. अशा वाद्यांत पुष्कळदा खऱ्या वाद्याचा एकेक स्वर हलक्या व जोरकस आघातांनी मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबताच स्वर कोणता व आघात केवढा, हे ० ते १२७ यांमधील आकड्यांनी संगणकास कळते आणि साठविलेला ध्वनी उमटतो.

अडचण येथेच आहे. साठ आणि एकसष्ट या आकड्यांमध्ये मिडीस पायरी दिसते. आपल्या गायकास तेथे मींड दिसते. स्वर वाकविणारे चाक असते खरे, परंतु ते केव्हा व किती फिरवावे हे कानानेच ठरवावे लागते. शिवाय सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असल्याने, अर्धस्वराचे शंभर अंश मानल्यास, यंत्राचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातील स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ अंश चढा लागतो. अनेक प्लग-इनमध्ये तो उतरविण्याची सोय असते. ती अवश्य वापरावी.

अशाच आक्षेपांमुळे ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीस दार बंद केले होते. ते १९७१ पासून हळूहळू उघडले. दरम्यान भजनातून व नाट्यसंगीतातून पेटी हटली नाही, कारण कुशल वादकांनी तिची उणीव ओळखून साथ साधली.

तेव्हा आभासी वाद्यांवर बहिष्कार नको. घरी चाल बांधताना, न मिळणाऱ्या वाद्याची जागा भरताना ती जरूर घ्यावीत. मात्र गायकाने लय किंचित वाढविली तर तबलजी ते तत्क्षणी ओळखतो. ठरल्या गतीने चालणारा मुद्रित ठेका ओळखत नाही. साथ ही साथीला बसूनच येते. ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या गणेशोत्सवांत तबल्याची जागा यंत्रास दिली, तर तबला शिकणाऱ्या मुलाने बसावे कोठे? ती एक जागा त्याच्यासाठी राखून ठेवणे हे आपल्याच हाती आहे.