शेतातल्या छोट्या संगणकाला वीज कशी द्यावी?



बागेतलं हवामान टिपायला, ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला काही ठिकाणी रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक बसवतात. सगळा एकाच बोर्डावर, तळहातावर मावेल एवढा. बोर्डाच्या किमतीची चौकशी सगळे करतात, पण त्याला वीज कोणती द्यायची, हे फारसं कुणी विचारत नाही. घरातला जुना मोबाईल चार्जर लावला की झालं, अशी समजूत असते.

निफाड भागातल्या एका द्राक्षबागेत असंच झालं. गोडी छाटणीनंतर पानं रात्री किती तास ओली राहतात, याची नोंद बोर्ड घेत होता. केवड्याची फवारणी त्यावर ठरायची. सकाळी पाहावं तर मधल्या दोन-तीन तासांची नोंदच नाही. सेन्सर बिघडला म्हणून नवा आणला. तरी तेच! फवारणी लांबली आणि केवडा घडांवर गेला. दोष निघाला चार्जरच्या लांब, बारीक वायरीत.

व्होल्ट म्हणजे टाकीची उंची आणि अँपिअर म्हणजे पाण्याची धार, असं समजा. या बोर्डाला 5 व्होल्टच लागतात. बॅटरीचे 12 व्होल्ट सरळ जोडले तर बोर्ड जळतो. अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात, कारण बोर्ड हवे तेवढेच ओढतो. पाय-3 ला अडीच अँपिअरचा, पाय-4 ला 3 अँपिअरचा आणि पाय-5 ला 5 अँपिअरचा अडॅप्टर घ्यावा.

आता वायर. बारीक पाइपात पाण्याचा दाब घटतो, तसे बारीक तारेत व्होल्ट घटतात. मोबाईलच्या केबलमधली तार पुष्कळदा 0.2 चौरस मिलिमीटरची असते. तीन मीटर लांबीत, जाऊन-येऊन, एक अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट तिथंच जातो. बोर्डापाशी उरतात साडेचार, आणि 4.63 च्या खाली गेलं की बोर्ड इशारा देतो. पडद्यावर विजेची खूण दिसते, पण शेतात पडदा कुठला? म्हणून केबल जाड घ्या, एक मीटरच्या आत ठेवा.

शेतीची लाईन चोवीस तास नसते. लिहिता लिहिता वीज गेली की मेमरी कार्डावरची नोंद खराब होते, कधी कार्डच जातं. तेव्हा बॅटरी हवीच. डोंगलसकट बोर्ड सरासरी 4 वॅट खातो असं धरू, म्हणजे दिवसाला 96 वॅट-तास. स्प्रे पंपातली 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी 84 वॅट-तासांची. शिसे-आम्लाची असल्याने निम्मीच वापरावी. मग जेमतेम एक रात्र निघते. दोन दिवस ढग राहिले तरी चालावं असं वाटत असेल तर 40 अँपिअर-तासांची बॅटरी आणि 50 वॅटचं सौर पॅनेल लावा. खर्च वाढतो खरा, पण एका चुकलेल्या फवारणीचा हिशेबही मांडून पाहा.

बारावरून पाच व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो. त्याचा स्क्रू फिरवून, मीटर लावून 5.1 व्होल्ट पक्के करा आणि मगच बोर्ड जोडा. ठिबकच्या व्हॉल्व्हला वीज वेगळी द्या, बोर्डाच्या पिनांवरून नको.