एका खोलण्यांत तीन दुरुस्त्या

पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावयास माणसें छपरावर चढलीं कीं घरांतील जुनें माणूस अंगणांतून हांक मारून सांगतें, "चढलांच आहां, तर वासे आणि रिपाहि पाहून ठेवा." कौलें उतरविण्याची मजुरी पडावयाची ती पडलेलीच असते, किडका वासा त्याच वेळीं निघाला तर वाशाच्या किमतीवर काम भागतें. हा व्यवहार आपल्या घराघरांतून चालत आलेला आहे. परंतु त्याचें शास्त्र जैमिनींच्या पूर्वमीमांसेंत सांपडतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. बारा अध्यायांच्या त्या ग्रंथांतील अकरावा अध्याय याच प्रश्नाचा आहे: एखादें अंगभूत कर्म एकदां केलें असतां तें अनेक प्रधान कर्मांस पुरतें, कीं प्रत्येकासाठीं पुन्हां करावें लागतें? एकदां करून सर्वांस पुरतें तें 'तंत्र'. दर वेळीं निराळें करावें लागतें तो 'आवाप'. आम्हीं हा विषय वर्गांत पुष्कळदां समजावून दिला; पण त्याचें इतकें चोख उदाहरण एका स्पोर्ट्स मोटारीच्या पोटांत मिळेल, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.

आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत न्यू जर्सी येथें नोकरीस आहे. त्यानें पोर्शे कंपनीची २००१ सालची 'बॉक्सटर' जुनी विकत घेतली. क्लच घसरूं लागला, म्हणून त्यानें एका कारखान्यांत तो बदलून घेतला. आठ महिन्यांनीं गाडी उभी करावयाच्या जागीं तेलाचे थेंब दिसूं लागले. तेल गळूं लागलेलें सील क्लचच्या अगदीं पाठीमागें होतें. "मास्तर, सीलची किंमत किरकोळ आहे, पण तेथवर हात पोंचण्यासाठीं मागच्या वेळीं जें जें सोडविलें होतें तें तें सगळें पुन्हां सोडवावें लागणार, आणि तेवढेच पैसे पुन्हां मोजावे लागणार," असें त्यानें लिहिलें. कारखानदारानें क्लच उत्तम बसविला होता. त्यानें मालकाला एक प्रश्न मात्र विचारला नव्हता.

ही मोटार प्रथम १९९३ सालीं डेट्रॉईटच्या प्रदर्शनांत नमुन्याच्या रूपानें मांडण्यांत आली आणि १९९६ पासून ती तयार होऊं लागली. तिची थोरली बहीण '९११'. तिची ९९६ या क्रमांकानें ओळखली जाणारी आवृत्ति १९९७ सालीं पुढें आली. तोंवर '९११' चें इंजिन वाऱ्यानें थंड होत असे. या नव्या आवृत्तींत तें पाण्यानें थंड होऊं लागलें. कंपनी त्या सुमारास आर्थिक अडचणींतून जात होती, म्हणून खर्च वांचविण्यासाठीं दोघी बहिणींस पुष्कळसे भाग सामाईक ठेवले गेले. इंजिनाचें कूळ एकच, त्यामुळें गुणहि सामाईक आणि व्यंगहि सामाईक. आज या गाड्यांचें वय वीस वर्षांच्या पुढें गेलें आहे. बेताच्या मिळकतीचा हौशी माणूसहि परदेशांत ती घेऊं शकतो, आणि पेंच आहे तो येथेंच. गाडी स्वस्त झाली तरी तिच्या इंजिनाची किंमत स्वस्त झालेली नाहीं. इंजिन निकामी झालें तर तें नवें बसविण्याचा खर्च कित्येकदां संपूर्ण गाडीच्या मोलाहून अधिक होतो.

आतां तीं तीन स्थळें पाहूं. इंजिनांत सहा सिलिंडर आहेत. तीन एका अंगास, तीन दुसऱ्या अंगास, आडवे झोपलेले. मधोमध क्रँकशाफ्ट फिरतो. त्याचें एक टोंक इंजिनाबाहेर येऊन फ्लायव्हीलला फिरवितें; फ्लायव्हीलवर क्लच, आणि क्लचच्या पलीकडे गिअरबॉक्स. क्रँकशाफ्ट जेथून बाहेर पडतो तेथें तेल अडवून धरणारें गोल सील असतें. हें पहिलें स्थळ. दुसरें स्थळ क्लच. तिसरें स्थळ क्रँकशाफ्टच्या जरासें खालीं, फ्लायव्हीलच्या आड दडलेलें आहे. तेथें एक मधला शाफ्ट आहे. क्रँकशाफ्ट त्याला साखळीनें फिरवितो, आणि तो पुढें साखळ्यांनींच व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या कॅमशाफ्टांस गति देतो. या मधल्या शाफ्टचें फ्लायव्हीलकडील टोंक एका बॉल बेअरिंगवर टेकलेलें आहे, आणि इंजिनाचें आयुष्य या मुठीएवढ्या वस्तूवर अवलंबून आहे.

हें बेअरिंग दोहों बाजूंनीं बंद केलेलें, आंत ग्रीस भरलेलें असें होतें. ग्रीस आंत राहावें आणि बाहेरचें तेल आंत येऊं नये, अशी योजना. प्रत्यक्षांत वर्षें लोटलीं कीं गरम तेल झिरपून आंत शिरतें, ग्रीस धुऊन नेतें, आणि तेंच जुनें मळकें तेल आंत कोंडून राहातें. ताजें तेल पोंचत नाहीं. मग गोळ्या झिजतात, शाफ्ट डगमगूं लागतो, साखळीचा ताल चुकतो, आणि अखेर व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळतात. बहुतेक वेळां हें बोंब न करितां घडतें. रस्त्यानें चाललेली गाडी एकाएकीं बंद पडते. सर्वच गाड्यांचें असें होतें असें नाहीं; पुष्कळ गाड्या मूळच्या बेअरिंगवर सुखानें धांवत आहेत. सुरुवातीच्या गाड्यांतील दुहेरी ओळीचें बेअरिंग अधिक टिकाऊ ठरलें. २००० च्या सुमारास आलेलें एकेरी ओळीचें नाजूक. अमेरिकेंत मालकांनीं सामुदायिक दावा लावला, आणि २००१ ते २००५ या सालांच्या गाड्यांविषयींच्या तडजोडीस २०१४ सालीं न्यायालयाची मान्यता मिळाली. '९११' च्या टर्बो व जीटी-३ या जातींचें इंजिन निराळ्या घडणीचें असल्यानें त्यांस हा रोग नाहीं. २००६ ते २००८ च्या सामान्य गाड्यांत मोठें बेअरिंग आलें; तें बळकट खरें, पण इंजिनाचें कवच दुभंगल्याखेरीज बाहेर निघत नाहीं. २००९ च्या नव्या इंजिनांत तो मधला शाफ्टच काढून टाकला.

तिन्ही स्थळांची वाट एकच आहे. गाडी उंच धरावयाची, खालचे पत्रे सोडावयाचे, चाकांकडे जाणारे दांडे सोडवावयाचे, गिअरच्या तारा व स्टार्टर बाजूस करावयाचा, इंजिनास आधार देऊन गिअरबॉक्स सरकवून खालीं घ्यावयाचा. मग क्लच, मग फ्लायव्हील. आणि मग सील व बेअरिंगचें झांकण शेजारीं शेजारीं समोर दिसतात. मीमांसकांच्या भाषेंत गिअरबॉक्स उतरविणें हें अंग, आणि तिन्ही दुरुस्त्या प्रधान. केवळ हिशेबाच्या सोयीसाठीं असें धरूं, कीं या उतरविण्याचढविण्यास ८ तास लागतात, खुद्द क्लचला १, सीलला १ व बेअरिंगला ४. तीन वेळां तीन कामें केलीं तर ३० तासांची मजुरी. एकदम केलीं तर १४ तासांची. आंकडे कारखान्याकारखान्यास बदलतील, परंतु प्रमाण फारसें बदलणार नाहीं.

यावर काटकसरी वाचक विचारील, कीं अर्धी शिल्लक असलेली क्लच प्लेट फेंकून देणें ही कसली काटकसर? शंका रास्त आहे. क्लच झिजणारी वस्तु आहे. तिचें उरलेलें आयुष्य मोजतां येतें, आणि ती नुकतीच बसविलेली असेल तर ठेवावी, हें आमचेंहि मत. पण निम्म्याहून अधिक झिजलेल्या प्लेटचें उरलेलें मोल, पुढें तिच्यासाठीं पडणाऱ्या ८ तासांच्या मजुरीपुढें कांहींच नाहीं. बेअरिंगचें तसें नाहीं. त्याचें आयुष्य बाहेरून मोजतां येत नाहीं, म्हणून तेथें हिशेब भीतीचा आहे. ज्या गाड्यांत गिअर आपोआप पडतात त्यांत असा क्लच नसतो. तरी सील व बेअरिंगसाठीं गिअरबॉक्स त्यांतहि उतरवावा लागतोच.

एकदां मोह सुटला कीं मालक पाण्याचा पंपहि त्याच यादींत घालतो. तो इंजिनाच्या दुसऱ्या टोंकास असतो. त्याची वाट निराळी, मजुरीहि निराळी. तो आवाप झाला, आणि त्यांत बचत नाहीं. उलट रिलीज बेअरिंग हातांत आलेलेंच असतें, तें न बदलणें हा कद्रूपणा. फ्लायव्हीलचे बोल्ट तर एकदां ताणले कीं पुन्हां वापरूं नयेत, असेच असतात.

क्रम मात्र चुकतां कामा नये. सर्वांत आधीं, गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वीं, ऑईल फिल्टर उघडून पाहावा. त्यांत लोखंडाचे चकाकणारे कण निघाले तर बेअरिंग आधींच फुटूं लागलें आहे आणि तो चुरा तेलाबरोबर सर्व इंजिनभर पोंचला आहे. अशा वेळीं नवें बेअरिंग घालणें म्हणजे मजुरी पाण्यांत टाकणें होय. तेथें संपूर्ण इंजिनच खोलावें लागतें. फिल्टर स्वच्छ असेल तर पुढें जावें. क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट आपापल्या जागीं जखडून, साखळ्यांचे ताण सैल करून, मगच झांकणाचे तीन बोल्ट काढावयाचे. ही खबरदारी न घेतां झांकण ओढणाऱ्या मेस्त्रीच्या हातून, जो अनर्थ टाळावयाचा तोच घडतो. नवीन सील टेफ्लॉनचें असतें. तें तेल न लावतां, कोरडें, खास अवजारानें ठराविक खोलीवर बसवावें लागतें. तें तिरकें बसलें तर थेंब पुन्हां सुरू होतात, आणि सगळी वाट पुन्हां चालावी लागते.

आमच्या विद्यार्थ्यानें दुसऱ्या खेपेस सील व बेअरिंग दोन्ही बदलून घेतलीं. क्लच नवाच होता, तो ठेवला. आतां त्याचा एक मित्र तसलीच गाडी घेऊं पाहत आहे. त्यास आम्हीं एवढेंच कळविलें, कीं विकणाराकडून जुन्या दुरुस्तीचें बिल मागून घ्यावें. त्यावर नुसता क्लच लिहिलेला असेल, तर गिअरबॉक्स आणखी एकदां उतरविण्याची मजुरी किंमतींतून वजा करूनच बोली करावी.