बोटीची सीट, रेक्झिन आणि रंगाचं चिकटणं

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर रेवदंड्याकडचे एक श्रोते उठून म्हणाले, "सर, द्रव्य आणि गुण समजलं. पण माझ्या बोटीच्या सीटचा गुण उडून गेलाय, द्रव्य तेवढं उरलंय. रंग मारू का?" सगळे हसले, आम्हीही हसलो. नंतर त्यांच्याशी बोललो तेव्हा कळलं की प्रश्न पोटाचा आहे. छोटी फायबरची बोट, पर्यटकांना फिरवायची. पावसाळाभर ताडपत्रीखाली ओढून ठेवलेली. दिवाळीच्या सुट्टीत नागाव-काशीदला गर्दी होते, तेव्हाच काय ते चार पैसे मिळणार. आणि सगळ्या सीटना नवी कव्हरं शिवायची तर कुशनवाल्याला पैसे आधी द्यावे लागणार. म्हणून आज हाच विषय. आम्ही हे काम एका मित्राच्या बोटीवर दोनदा केलंय, पहिल्यांदा पूर्ण चुकीचं.

आधी रेक्झिन म्हणजे काय ते बघू. खाली कापड, वर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक. आपल्या घरातला नळाचा पाइप पीव्हीसीचाच असतो. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळतात, प्लास्टिसायझर. ऊन आणि उष्णता यांनी ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडत राहतं. मग सीट कडक होते, पांढुरकी पडते, हात फिरवला तर पूड लागते, आणि शेवटी तडकते. म्हणजे उडालेला रंग हे वरचं लक्षण झालं. मूळ दुखणं मऊपणा जाण्याचं आहे, आणि मऊपणा रंगाच्या डब्यातून परत येत नाही.

म्हणून पहिली परीक्षा अंगठ्याची. सीट जोरात दाबा, काठाशी चिमटीत धरून वाकवा. वाकते आणि परत येते? रंग लावा. तडा जाऊन खालचं कापड दिसतं? मग रंगावर पैसे घालवू नका. त्या तड्यातून पाणी फोममध्ये जातं, तिथून खालच्या प्लायवूडमध्ये, आणि वरून सीट नवी दिसत असताना आतून कुजत राहते.

आता आमची पहिली चूक. घरात दारं-खिडक्या रंगवून उरलेला ऑइलपेंट होता, तोच लावला. दिसायला झकास. पण तो वाळेचना. आठवडे गेले तरी चिकट, आणि पहिल्याच फेरीत एका पाहुण्यांच्या पांढऱ्या पँटवर निळे पट्टे उमटले. कारण तेच, रेक्झिनमधलं प्लास्टिसायझर वर येऊन ऑइलपेंटमध्ये शिरतं आणि त्याला मऊच ठेवतं.

इथे वैशेषिकांची थोडी मदत घेऊ, मागच्या वेळचं आठवत असेल. जास्वंदीचा लाल रंग फुलात असतो तो समवायाने. टेबलावर पुस्तक असतं तो संयोग. कारखान्यातून आलेल्या रेक्झिनचा रंग पीव्हीसीतच मिसळलेला असतो. आपण वरून लावतो ते मात्र दुसरं द्रव्य, आणि अशा दोन वेगवेगळ्या, स्वतंत्र द्रव्यांमध्ये फक्त संयोगच होऊ शकतो. संयोग सुटू शकतो. तेव्हा सगळी मेहनत तो सुटू नये यासाठी घ्यायची. रंगवणं म्हणजे तीन हिस्से साफसफाई आणि एक हिस्सा रंग, असं आम्ही धरून चालतो.

आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा. मग भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश. शिवणीत आणि पायपिंगच्या खोबणीत खोबरेल, सनस्क्रीन, घाम हे सगळं साठलेलं असतं. कोणी सीटवर गाडीच्या डॅशबोर्डचं चमकवायचं पॉलिश मारलं असेल तर त्यातल्या सिलिकॉनवर रंग धरतच नाही, ते दोन-तीनदा धुवावं लागतं. वाळल्यावर चारशे नंबरच्या पॉलिशपेपरने अगदी हलका हात, नुसती चकाकी मारण्यापुरता. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर नको, तो रेक्झिनच खातो.

रंग घ्यायचा तो रेक्झिन-लेदरसाठी मिळणारा, वाळल्यावरही वाकणारा. गाडीच्या सीट दुरुस्त करणाऱ्यांकडे चौकशी करा. स्पंजने पातळ, तीन-चार हात. प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. एकच जाड हात दिला तर वाकताना पापुद्रा निघतो. दव वाळल्यावर सकाळी काम करा, भर उन्हात नाही. जून-जुलैच्या दमट हवेत तर नाहीच. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की मग. आणि आधी सीटच्या खालच्या बाजूला हातभर जागेत लावून बघा. पूर्ण वाळल्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर साफसफाई पुन्हा. रंग पांढरा किंवा फिकट क्रीम बरा. गडद निळा दुपारी बारा वाजता इतका तापतो की हाफपँटवाला प्रवासी उडून उभा राहतो!

आता पैशाचं. आम्ही त्या गृहस्थांना असं सुचवलं की सगळ्या सीट रंगवू नका. माणूस बसतो, घासतो, ओला उठतो ती बैठक. तिथे रंग फार टिकत नाही, आमचा तर एका सीझनमध्येच काठाला सुटला. तेवढ्या बैठकींना नवं रेक्झिन शिवून घ्या. पाठी, बाजू, हँडलजवळचा भाग यांना घासणं कमी, ते रंगवा. मात्र रेक्झिन आधी निवडा आणि रंग त्याला जुळवा. उलटं केलं तर तीच छटा रेक्झिनमध्ये शोधत पेणपासून अलिबागपर्यंत फिराल. रंग लागल्यावर डब्यावर लिहिले असतील तितके दिवस कोणाला टेकू देऊ नका, गिऱ्हाईक किनाऱ्यावर उभं असलं तरी.

काल त्यांचा फोन होता. चार बैठकी कुशनवाल्याकडे टाकल्यात, पाठी धुऊन झाल्यात, आणि त्यातल्या एका पाठीला वाकवताना तडा दिसला. ती रंगवायची की नाही, असं विचारत होते. आम्ही म्हटलं, नाही.

बरं, कोणाचे प्रश्न?