हुद्द्याची वाट महाविद्यालयाच्या मैदानावरून

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे निवेदन वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी छापून येते आणि बहुतेकांच्या नजरेतून निसटते. म्हणून नुकत्याच आलेल्या निवेदनाकडे जळगाव-धुळ्याच्या वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधावेसे वाटते. सेनादलांच्या निवड मंडळापुढे, ज्याला मुले 'एसएसबी' म्हणतात त्यापुढे, उभे राहू इच्छिणाऱ्या महाराष्ट्रीय तरुणांसाठी नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात दहा दिवसांचा वर्ग भरतो, निवास आणि भोजन विनामूल्य असते, आणि पात्रतेच्या अटींत लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या बरोबरीने एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र 'ए' किंवा 'बी' श्रेणीत मिळवून गट मुख्यालयाची शिफारस लाभलेल्या विद्यार्थ्यांचाही अंतर्भाव असतो.

या शेवटच्या कलमाचे मोल आपल्या प्रांतात अद्याप ओळखले गेलेले नाही. पहाटे रस्त्यांच्या कडेने धावणारी, भरतीच्या तारखांकडे डोळे लावून बसलेली मुले खानदेशात गावोगाव दिसतात. परंतु ज्याने महाविद्यालयात तीन वर्षे खाकी गणवेशात कवाइत केली, त्या पदवीधरालाही आपण अधिकारी होऊ शकतो ही कल्पना अनेकदा शिवत नाही. या संकोचाचे मूळ जुने असावे, असे मला वाटते. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभारली, तेव्हा शिपाई याच डोंगरांतले होते आणि हुकूम देणारे साहेब समुद्रापलीकडचे. मनुष्यबळ आमचे आणि हुद्दा परक्याचा हा शिरस्ता मनांत किती खोल रुजतो, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकांनी अवश्य करावा.

वस्तुतः वाट सरळ आहे. पदवीला किमान ५० टक्के गुण, 'सी' प्रमाणपत्रात निदान 'बी' श्रेणी आणि १९ ते २५ हे वय, एवढ्या भांडवलावर एनसीसी विशेष प्रवेश योजनेखाली अर्ज करता येतो; संघ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा द्यावी लागत नाही; अर्जांच्या छाननीत निवडलेला उमेदवार थेट निवड मंडळापुढे जातो, आणि तेथे व वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण होऊन गुणवत्ता यादीत स्थान मिळाल्यास चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत सुमारे ११ महिन्यांच्या शिक्षणानंतर लेफ्टनंट होतो. मुलींनाही हे द्वार खुले आहे, मात्र त्यांच्या जागा मुलांच्या मानाने फारच थोड्या आहेत, आणि हा अन्याय दूर झाला पाहिजे. अमेरिकेत १९१६ च्या कायद्याने विद्यापीठांतून राखीव अधिकारी प्रशिक्षण दल स्थापन झाले, आणि तेथील विद्यार्थ्याला पदवीच्या सुमारासच कमिशन मिळते; आपल्याकडे विद्यापीठातील शिक्षण निवड मंडळाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचवते, पुढचे पाऊल ज्याचे त्याने टाकायचे असते.

हा उंबरठा ओलांडण्यासाठी लागते काय, हे पाहिले म्हणजे आमची उणीव ध्यानात येते. एक अस्पष्ट चित्र क्षणभर दाखवून त्यावर गोष्ट लिहायला आणि मग तिच्यावर गटात चर्चा करायला सांगतात. साठ शब्द पंधरा-पंधरा सेकंदांच्या अंतराने पडद्यावर येतात आणि प्रत्येकावर मनात उमटलेले वाक्य लिहायचे असते. फळ्या, दोर आणि पिंपे देऊन अडथळा पार करण्याचे काम गटाकडे सोपवतात. पाच दिवस चालणाऱ्या या परीक्षेत मुलाखत घेणारा अधिकारी घर, गाव, मित्र, अपयश यांविषयी तासभर विचारतो. धावण्यात आणि काटकपणात आमची मुले कोणाला हार जाणार नाहीत. परंतु घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणारा, वर्गात मान खाली घालून टिपणे उतरवणारा मुलगा अनोळखी मंडळीत हिंदी-इंग्रजीत आपले म्हणणे ठामपणे मांडू लागण्यास दहा दिवस पुरत नाहीत. त्याला तीन वर्षेच लागतात, आणि तीन वर्षे महाविद्यालयापाशी आहेत.

एनसीसीची मूळ कल्पनाही हीच होती. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ मध्ये हे दल स्थापन झाले, तेव्हा तरुणांत नेतृत्व घडावे आणि लष्कराला अधिकारी लाभावेत हा हेतू होता. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये ते महाविद्यालयांतून सक्तीचे झाले आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक करावे लागले, ही गोष्ट आज विसरता कामा नये. कारण २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तीन लाख छात्रांची वाढ मंजूर करून दलाची संख्या वीस लाखांवर नेण्याचे ठरवले आहे. संख्यावाढीने मला जितका आनंद होतो, तितकीच धास्तीही वाटते. छात्र वाढले आणि शिकवणारा तोच एक राहिला, तर परेड मोठी दिसेल, माणसे घडणार नाहीत.

तो शिकवणारा म्हणजे एखादा मराठीचा किंवा भूगोलाचा प्राध्यापक. कामठीच्या अकादमीत (महिला प्राध्यापक असल्यास ग्वाल्हेरला) प्रशिक्षण घेऊन तो लेफ्टनंटचा हुद्दा मिळवतो, परततो, आणि आपले तास सांभाळून उरलेल्या वेळात परेड, शिबिरे, हजेरीपट आणि बटालियनचे दप्तर पाहतो. या योजनेतील सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत मोलाचा माणूस हाच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या अध्यापनाचा भार हलका करण्याची तजवीज संस्थाचालकांनी केल्यास आठवड्यातून एक सायंकाळ गटचर्चेला आणि तीन मिनिटांच्या भाषणांना देता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एनसीसीला ऐच्छिक विषय म्हणून श्रेयांक देण्याची सूचना विद्यापीठांना केलीच आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने त्या तासिकांत निवड मंडळाची तयारी पहिल्या वर्षापासून समाविष्ट करावी, जिल्ह्यातील निवृत्त अधिकाऱ्यांना मानधन देऊन बोलवावे, आणि 'सी' प्रमाणपत्र हाती आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा विशेष प्रवेशाचा अर्ज भरला गेला की नाही, याची नोंद प्राचार्यांनी स्वतः पाहावी.