मराठी नाव सेव्ह केलं, टेबलात मात्र '????'

विंडोज अ‍ॅप्लिकेशन आणि एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. अशा वेळी बहुतेक जण आधी फॉन्ट बदलून बघतात. त्याचा काहीच उपयोग नाही!

आधी युनिकोड फंक्शन त्या कॉलमवर चालवा. 'ज्ञानेश्वरी'साठी 2332 आलं, तर 'ज' नीट साठवलाय आणि गडबड फक्त दाखवण्यात आहे. 63 आलं, तर टेबलात खरोखरच प्रश्नचिन्ह बसलंय. मूळ अक्षरं गेली. ती बॅकअपमधून किंवा पुन्हा टाइप करूनच मिळतील.

कारण साधं आहे. व्हारचार कॉलम कोलेशनच्या कोड पेजवर चालतो आणि नेहमीच्या कोड पेजमध्ये देवनागरी नसतेच. म्हणून कॉलम एनव्हारचार करा. तरीही '????' येत असेल, तर क्वेरी बघा: थेट लिहिलेल्या मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी मोठा एन हवा. त्यापेक्षा पॅरामीटरच वापरा, एसक्यूएल इंजेक्शनचा धोकाही टळतो.

कॉलमची लांबी ठरवताना हात सैल सोडा. 'ज्ञानेश्वरी' दिसायला चार अक्षरं, पण जागा घेते 11. 2019 च्या आवृत्तीपासून यूटीएफ-8 कोलेशनही आहे, त्यात व्हारचार चालतो. मात्र देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, एनव्हारचारमध्ये दोनच. मराठी डेटा भरपूर असेल तर मी एनव्हारचारच निवडेन.