बक्षीस आणि आवड

धुळें शहरांत पांझरेच्या उत्तर तीरावर देवपूर वसलें आहे. तेथील एखाद्या मैदानावर सायंकाळीं घटकाभर उभें राहिल्यास दोन प्रकारचीं मुलें नजरेस पडतात. शिक्षकांची शिट्टी होतांच कांहीं घराकडे वळतात; कांहीं मात्र अंधारांत चेंडू दिसेनासा होईपर्यंत खेळत राहतात. अंगांतील बळ दोघांचें सारखेंच असेल. मग फरक कशाचा?

साधारण समजूत अशी कीं, मुलास खेळाची गोडी लावावयाची तर बक्षीस दाखवावें. जत्रेच्या आखाड्यांत रेवड्यांवर कुस्ती खेळूनच पुष्कळांनीं तालमीची वाट धरली, हें खरेंच आहे. परंतु रेवड्या पांच मिनिटांत संपतात आणि तालीम रोज पहाटे असते. त्या पहाटेस अंथरुणांतून उठविणारी शक्ति कोणती, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे.

लेपर, ग्रीन व निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें फार उद्बोधक आहे. प्रयोग चित्रकलेचा, खेळाचा नव्हे. पण मन तेंच. चित्रें काढण्याची मूळचीच आवड असलेल्या बालकांपैकीं कांहींना ‘चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल’ असें आधीं सांगितलें. कांहींना तें अवचित दिलें. उरलेल्यांना कांहींच दिलें नाहीं. पुढें एक-दोन आठवड्यांनीं पाहिलें तों, प्रशस्तिपत्राच्या बोलीवर चित्रें काढणारीं मुलें मोकळ्या वेळांत इतरांच्या मानानें जवळजवळ निम्माच वेळ चित्रें काढीत होतीं! अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. अपाय बक्षिसानें केला नव्हता, बोलीनें केला होता. ज्यास मुळांत आवडच नाहीं त्याला बक्षीस मैदानापर्यंत आणील. पुढें त्यास तेथें ठेवणारें कांहीं निराळेंच लागतें.

तें काय, याचा विचार डेसी व रायन यांनीं विस्तारानें केला आहे. आपल्या खुशीनें करणें, हळूहळू जमूं लागणें आणि आपलीं माणसें पाठीशीं असणें, या तिहींवर त्यांचा भर आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले. तांबड्या मातींत वाढलेल्या मल्लास तेथें गादीवर, परक्या नियमांनीं लढावें लागलें. सहाव्यास पदक नाहीं; पण काय शिकावयाचें राहिलें, हें त्या पराभवानें दाखविलें. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसा नव्हता, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथें खाशाबांनीं ब्राँझपदक मिळविलें. पदकाची आस त्यांस नव्हती असें कोण म्हणेल? तथापि मधलीं चार वर्षें केवळ पदकाच्या आशेवर निघत नाहींत.

आज महाराष्ट्रांत खेळाडू विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेंत सवलतीचे गुण मिळतात, आणि ते योग्यच आहे. मात्र मूल घामानें भिजून घरीं येतें तेव्हां ‘गुण मिळतील ना?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. ‘आज नवें काय जमलें?’ असें विचारलें, तर तें दाखविण्यासाठीं तें पुन्हां अंगणांत धांवत जातें.