होडीचं चाक जड का होतं?

छोट्या होडीला आउटबोर्ड इंजिन बसवलं की वेगळं सुकाणू लागत नाही. चाक फिरवलं की केबल सरकते आणि मागचं अख्खं इंजिनच वळतं.

मालवण-देवबागच्या खाऱ्या पाण्यात चाक जड झालं, तर पहिला संशय गंजावर. तरी लगेच नवी केबल आणायला धावू नका. इंजिन बंद करून केबल आणि इंजिन जोडणारा दांडा सोडवा, मग इंजिन हाताने डावी-उजवीकडे ढकलून बघा. ते अडतंय? मग त्याच्या खुंटातलं जुनं ग्रीस वाळून घट्ट झालंय. इंजिन सहज फिरतंय, पण चाक जडच, तर दोष केबलचा किंवा चाकामागच्या गिअरचा. केबलचं आवरण तडकून आत पाणी शिरलं असेल तर तेल सोडून वेळ मारून नेऊ नये. ऐन समुद्रात ती तुटली तर होडी ताब्यात राहत नाही, आणि आत माणसं असतात.

ग्रीस भरताना केबलचा चकचकीत दांडा आधी नळीत पूर्ण आत घ्या. तो बाहेर असताना भरलं, तर कोंडलेलं ग्रीस त्याला आत येऊ देत नाही. चाकच अडकून बसतं.

चाक हलकं, पण होडी सारखी उजवीकडे ओढते? बऱ्याच इंजिनांना पंख्याच्या वर एक छोटी पाती असते. तिचा बोल्ट सैल करून मागची कड किंचित उजवीकडेच वळवा. पाण्याचा रेटा त्या पातीला डावीकडे ढकलतो, सोबत इंजिनाची मागची बाजूही, आणि होडीचं तोंड सरळ येतं.